सुजाताच्या पापणीवरचा तांबूस रंग

पत्रकात मी कधी 'मी' लिहिलेलं नाही. तिथं 'आम्ही' असतं — आम्ही विचारतो, आम्ही धिक्कार करतो, आम्ही गप्प बसणार नाही. सोपं असतं ते. गर्दीत एकटीला लपता येतं. हे मात्र मी एकटीनं केलंय, आणि आईच्या नाही, संघटना चालवणाऱ्या ताईंच्या नाही, अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका.

लोक मला फटकळ म्हणतात. परभणीत कुठल्या ऑफिसात बायांना ताटकळत ठेवलं की मला फोन येतो. गोरं करणाऱ्या क्रीमांविरुद्ध, मुली दाखवायच्या कार्यक्रमांविरुद्ध, मजुरीतल्या फरकाविरुद्ध — पत्रकं सगळी माझी. भाषणं मात्र सुजाता करायची, माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी लिहायचे, ती बोलायची. वाक्यं माझी आणि टाळ्या तिला. मी सतरंजीच्या कडेला उभी राहून त्या टाळ्या ऐकायचे आणि मनात म्हणायचे — बायांनो, ते वाक्य माझं होतं!

हेवा म्हणतात याला. आमच्या पत्रकांत हा शब्द कधी येत नाही. आमचे शत्रू सगळे बाहेरचे असतात ना.

तर, पेडगावची सभा. सोयाबीन काढायला बाईला पुरुषाइतकी मजुरी का नाही, हा विषय. सुजातासाठी ही सभा साधी नव्हती. तिचे बाबा शाळेत क्लार्क. त्यांनी सरळ सांगितलं होतं — संघटनेनं तुला पूर्णवेळ घेतलं तर आम्ही मध्ये येत नाही. नाहीतर चारठाण्याच्या स्थळाला होकार कळवतो. आणि ताई त्या दिवशी तिचं भाषण ऐकायलाच येणार होत्या. पूर्णवेळची जागा एकच होती. मलाही ती हवी होती — पण हे बोलायला माझं फटकळ तोंड कधी उघडलं नाही.

सकाळी ती माझ्या खोलीवर आली ती आयशॅडोचं नवं कोरं पॅलेट घेऊन. ऑनलाइन मागवलेलं. झाकणात आरसा, खाली खणाखणांत रंग — वांगी, मोरपंखी, चॉकलेटी, गुलाबी, सोनेरी चमकीचा तांबूस. "घरी उघडलं असतं तर आईनं उकिरड्यावर फेकलं असतं," म्हणाली आणि खुदकन हसली. पलंगावर बसून आम्ही एकेक रंग बोटानं मनगटावर ओढून पाहिला. मनगट भरलं तसं पापण्यांवर आलो. वांगी लावला, तर डोळा सुजल्यासारखा दिसला. मोरपंखी लावला आणि तीच ओरडली, "ए बाई, मी तर बँडवाली दिसायलेय गं!" ओल्या रुमालानं पुसायचं, परत लावायचं. त्या सकाळी आम्ही लय हसलो. तेही खरं आहे, म्हणून सांगते.

मग तांबूस. माझ्या पापणीवर तो बसलाच नाही, हळद सांडल्यासारखा दिसला. तिच्यावर — काय सांगू? सुजाता माझ्याहून सावळी. त्या सावळ्या पापणीवर तो असा उजळला, की ती डोळे मिटायची आणि मी बघतच राहायचे.

"कसा दिसायलाय?" तिनं डोळे मिटूनच विचारलं. "जास्त नाही ना झाला? सभा हाय. पुसू का?"

"छान दिसायलाय," मी म्हटलं. "राहू दे."

खोटं नव्हतं ते. सावळा रंग सुंदर असतो, हे मी किती पत्रकांत छापलं होतं! आणि ते माझ्या डोळ्यांपुढं, हातभर अंतरावर खरं ठरलं — तर मला सोसेना. आवाज हिचा, टाळ्या हिला, आता हेही हिलाच?

ती साडी नेसायला आत गेली. पलंगाखाली पत्रकांचे दोन गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले. पांढरा मजुरीचा, पेडगावसाठी. गुलाबी नंतर कॉलेजातल्या मुलींना वाटायचा — बाजार बाईला तिचाच चेहरा कसा परत विकतो, यावर. त्यात माझं एक वाक्य होतं. पापण्यांवर रंग थापून गुलामी झाकली जात नाही.

मी गुलाबी उचलला.

चुकून? पांढऱ्या आणि गुलाबीत कोण चुकतं?

आमच्याकडं भाषणाआधी पत्रक वाटतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारची वाचून दाखवते. ही पद्धत मीच पाडलेली. सुजाता माईककडं निघाली तेव्हा समाजमंदिरासमोर घोळक्याघोळक्यात तेच वाक्य मोठ्यानं वाचलं जात होतं. बायांच्या हातातले गुलाबी कागद तिनं पाहिले, पण तोवर ती माईकपाशी पोचली होती. बाया ऐकायच्या आणि मान वर करून तिच्या डोळ्यांकडं बघायच्या.

"अगं माय, हिच्याच डोळ्याचं लिवलंय की ह्यात!" पुढची एक म्हातारी बोलली.

मागून दुसरी — "मजुरीचं सांगायली अन् डोळ्याला सोनं लावून आली व्हय गं?"

हशा पिकला. सुजाता दोन वाक्यं बोलली आणि अडकली. पदरानं डोळे पुसायला गेली, तर रंग गालापर्यंत पसरला. हशा वाढला. तिनं माझ्याकडं पाहिलं. वाक्य विसरली की ती नेहमी माझ्याकडं बघायची आणि मी नुसते ओठ हलवून सांगायचे. त्या दिवशी मी ओठ हलवले नाहीत. पुढं झाले, तिच्या हातातून माईक घेतला आणि बोलले. चांगलं बोलले. टाळ्या पडल्या — आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्या गोड लागल्या.

परतताना जीपमध्ये ताईंनी विचारलं, पत्रकं कशी बदलली? "प्रेसवाल्यानं चुकीचा गठ्ठा दिला," मी म्हटलं. सुजातानं माझा हात धरला. "तुझ्या सभेची माती केली गं मी. तू होतीस म्हणून निभावलं." मी हात सोडवून घेतला का? नाही. तसाच राहू दिला, घर येईपर्यंत.

ती जागा मला मिळाली. उन्हाळ्यात सुजाताचं लग्न झालं. त्यानंतर ती कुठल्याच सभेत बोलली नाही.

मागच्या महिन्यात चारठाण्याला आमची सभा होती. सुजाता आली, सगळ्यांत मागं बसली. सभा संपल्यावर मला भेटायला पुढं आली, तर तिच्यासोबतच्या बाईनं तिला विचारलं, "तू बी भाषण करायचीस म्हनं आधी?"

"छे गं," सुजाता हसून म्हणाली. "हिनं लय लिहून दिलं, लय शिकवलं. मला जमतच नव्हतं."

जमत होतं. माझ्याहून कितीतरी चांगलं जमत होतं. हे तिला सांगू शकेल अशी तिथं मी एकटीच होते, आणि मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. माईक अजून चालू होता. मी बटण दाबून तो बंद केला.