बिनवासाचं रोप

आधीच सांगते, नजर, उतारा, अमावस्या असलं काही मी मानत नाही. माहेरी दीपनगरच्या कॉलनीत कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की वडील आम्हाला थांबवून त्यातला फोलपणा समजावून सांगायचे. मी स्वतः बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक चुका काढायलाच. त्यामुळे आज माझ्यावरच लिहायची वेळ आली याचा मला राग येतोय. आणि हो — यात भूत नाही, घाण वास आहे. जेवताना वाचू नका.

आम्ही धुळे जिल्ह्यात नरडाण्याला राहतो. माझे मिस्टर, मिलिंद, इथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहेत. बारा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर आणि जिलबीही वेळेवर, असा माणूस.

मला रानवनस्पती ओळखायचा नाद आहे. आमचा तीसेक जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे — एकाने फोटो टाकायचा, बाकीच्यांनी नाव सांगायचं. माझी पद्धत मात्र जुनी. पान चोळायचं, हुंगायचं, जिभेच्या टोकाला लावायचं आणि थुंकायचं. मुलांना मी चाखू देत नाही, स्वतः मात्र चाखते. मुलं माझ्यामागे मला 'नाकवाल्या मॅडम' म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

गेल्या वर्षीची गोष्ट, पोळ्यानंतरच्या आठवड्यातली. सकाळी साडेसहाला मी आणि शेजारच्या लताअक्का रेल्वेलाइनच्या बाजूने फिरायला निघालो होतो. नाल्यावरच्या मोरीपाशी, बाभळीखाली, एक रोप दिसलं. गुडघ्याएवढं. चौकोनी खोड, समोरासमोर जाड पानं, पानांची मागची बाजू काळपट जांभळी. ना फूल, ना फळ. मी रोज त्याच वाटेने जाते, पण हे कधी पाहिलं नव्हतं. एक पान तोडलं, चोळलं आणि नाकाशी नेलं.

कसं सांगू... जखमेवरची ओली पट्टी चार दिवस तशीच ठेवावी आणि तिच्यावर गुळाचं पाणी ओतावं, तसा वास. सडका आणि गोड. त्यातला गोडपणा जास्त घाण. मी तिथेच वाकले आणि सकाळचा चहा सगळा बाहेर काढला. जिभेला लावायचा प्रश्नच नव्हता.

लताअक्कांनी खाली पडलेलं पान उचलून हुंगलं, परत हुंगलं.

"काहीच नही वं सुजाता. गवतना वास शे. तुले पित्त व्हयनं व्हई."

पित्त तर पित्त. मी एक फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली, वर जाडजूड पुस्तकं ठेवून दाबली आणि फोटो ग्रुपवर टाकला. तिघांनी तीन नावं सांगितली, एकही जुळेना. मोबाइलमधल्या अ‍ॅपने तर प्रत्येक फोटोला वेगळं नाव दिलं.

दिवसभर मला काही त्रास नव्हता. संध्याकाळी मिस्टर कामावरून आले, दारात सेफ्टी शूज काढले, आत येऊन बसले — आणि तो वास परत आला. मला वाटलं, त्या फांदीचाच वास घरभर सुटलाय. कागदासकट उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. हात बेसनाने धुतले, लिंबाने धुतले, शेवटी रॉकेलसुद्धा चोळलं. जेवायला मिस्टर शेजारी बसले आणि मला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ते घरात नसले की काही नाही, ते आले की वास. मी म्हटलं, आंघोळ करून घ्या ना. ते मुकाट्याने दुसऱ्यांदा आंघोळ करून आले, केस ओले, अंगाला साबणाचा वास. आणि त्या साबणाखाली ते सडकं-गोड तसंच. "घामाचा वास येतो का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, माझंच डोकं चढलंय."

चौथ्या दिवशी पंख्याचा आवाज होतो असं कारण काढून मी माझं अंथरूण हॉलमध्ये घातलं. खरं लिहिते — मला त्या माणसाची किळस येत होती. चोवीस वर्षं ज्याच्या ताटातलं उष्टं खाल्लं, त्याने चहाचा कप पुढे केला तर मी "ओट्यावर ठेवा" म्हणायचे. त्याने खांद्यावर हात ठेवला की अंगावर काटा यायचा, चांगला नव्हे. आणि या सगळ्याचं खापर मी त्या रोपावर फोडत होते. माझं नाक त्या वासाने बिघडलंय, चार दिवसांत ठिकाणावर येईल, असं मी स्वतःला समजावत होते.

सातव्या दिवशी ते दाराशी उभे राहूनच म्हणाले, "माझं काय चुकलं ते तरी सांग." मी वह्या तपासत होते. पुढची वही उघडली.

आठवा दिवस बाजाराचा. आमच्या आठवडे बाजारात सातपुड्याच्या पायथ्याकडची एक म्हातारी आक्का रानभाज्या घेऊन बसते. मला अर्ध्या रानभाज्यांची नावं तिनेच शिकवलीत. मी वाळलेली फांदी पिशवीत घालून नेली. आक्काने पान चोळलं, हुंगलं, दाताने तुकडा तोडून चावला आणि थुंकला. अगदी माझ्यासारखंच.

"ना भाजी शे, ना दवाई," ती म्हणाली. "बकरीबी तोंड लावाव नही याले."

"पण आक्का, वास केवढा घाण आहे..."

"याले वासच नही शे बाई. ल्या, तुम्हीच देखा."

तिने चोळलेलं पान माझ्या नाकापुढे धरलं. मी आधी श्वास रोखला, मग घेतला. काही नाही. वाळलेल्या चाऱ्यासारखा कोरडा वास, तोही जेमतेम. मी पान तिच्या हातातून घेऊन पुन्हा चोळलं, पुन्हा हुंगलं. काही नाही. नाक बिघडलं असतं तर इथेही तो वास यायला हवा होता. भाजी न घेताच मी घरी आले.

मिस्टर खाटेवर पेपर वाचत होते. वास होताच. मी पर्स टाकली आणि झाड ओळखतात तसं एकेक करत सुरुवात केली. उशी हुंगली, चादर हुंगली, कालचा शर्ट, बूट, मोजे. मग त्यांचं डोकं, मान, काख. त्यांना आधी हसू आलं, मग राग आला. "वेड लागलंय का तुला?" मी खाली बसले. उजवं पाऊल — काही नाही. डावं पाऊल... वास इथूनच येत होता. तोंडावर पदर दाबला आणि पाऊल उजेडात धरलं.

काहीच नव्हतं. जखम नाही, सूज नाही, लाली नाही. अंगठ्याखाली घट्टा होता, तो कित्येक वर्षांचा. मी बोटाने दाबला. "दुखतं?" "नाही." "काही वाटतं?" "नाही. बोट लावलं ते पण नाही वाटलं."

वासावरून डॉक्टरकडे जायचं म्हणजे डॉक्टर हसतील, असं ते रात्री झोपेपर्यंत म्हणत होते. सकाळी मी त्यांना ओढतच धुळ्याला नेलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी घट्टा कापायला घेतला. वरचा कडक पापुद्रा निघाला आणि आतून पिवळं-हिरवं काहीतरी भसकन बाहेर आलं. सिस्टर मागे सरकल्या. मिस्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्या खोलीत तो वास भरला — ओली पट्टी, गुळाचं पाणी, तोच, अगदी तोच. त्यांच्यासाठी पहिल्यांदा, माझ्यासाठी नवव्या दिवशी. मी बेसिनकडे धावले.

आत लोखंडाची एक बारीक कपची सापडली. कधी बुटात गेली आणि कधी रुतली ते त्यांना कळलंच नव्हतं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" मी म्हटलं, वास येत होता, आठ-नऊ दिवस. त्यांनी मान हलवली. "मॅडम, हा पू फार तर दोन-तीन दिवसांचा. आणि वरची कातडी बंद होती. बाहेर वास यायचं कारणच नाही."

मी पुष्कळ विचार केला. अंतर्मन, भास, योगायोग, सगळं तपासलं. घरचाच वास मला नकळत आधी जाणवला असेल, असंही मानून पाहिलं. पण पायात तेव्हा पू झालाच नव्हता, आणि वास आला तो पानाला. नंतर त्या मोरीपाशी मी तीनदा गेले. रोपं तिथेच आहेत, आता सहा झालीत. चोळली, हुंगली, चाखलीसुद्धा. गवत. ग्रुपवर अजून नाव मिळालेलं नाही, आणि माझ्या नमुन्याच्या कागदावर 'अनोळखी' एवढंच लिहिलंय.

तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी एक काम वाढलंय. मिस्टर मोजे घालायच्या आधी पाय पुढे करतात आणि विचारतात, "येतो का?" मी खाली बसते, दोन्ही पावलं हुंगते आणि "नाही" म्हणते. मग ते कामावर जातात.

आज सकाळी त्यांनी पाय पुढे केला. उजवा. तीच ओली पट्टी, तेच गुळाचं पाणी, पण या वेळी मी पाऊल सोडलं नाही. म्हटलं, "येतोय."

त्यांनी मोजा बाजूला ठेवला, फोन करून रजा सांगितली आणि धुळ्याची बस कितीला आहे ते बघितलं.

हे मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. ते शेजारीच आहेत, पाय स्टुलावर, डुलकी लागलीय. या पावलावरही वरून काहीच दिसत नाही, मी पुन्हापुन्हा पाहिलं. कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा. आयुष्यभर या नाकाचा तोरा मिरवला मी... आज तेवढं ते चुकलेलं निघू दे.