काकांचा टेबललॅम्प

स्पिरिटचा वास आला की घाटकोपरचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आठवतं. शाळा नववीत सुटलेली, गाव लांब. सेकंडहँड लॅपटॉपवर मी बाहेरून दहावी करत होते आणि परीक्षेच्या तोंडावर तो तापून बंद पडायला लागला. ‘दुरुस्तीवाले आतला माल बदलतात,’ असं मैत्रिणीने बजावलेलं. तरी दुकानात नेला. तिथले काका स्पिरिटने प्रोसेसर पुसायला पाठमोरे झाले, तशी मी उठलेच. "काका, प्रोसेसर बदलू नका हं." ते हसले. "अगं, ग्राफिक्सपण ह्यातच उरकणारा, जुना, सगळ्यात स्वस्त प्रोसेसर हा. ह्याच्याहून हलका मी आणू कुठून?" मग काम मला दिसेल असा टेबललॅम्प माझ्याकडे वळवून म्हणाले, "बस, बघत राहा." त्याच लॅपटॉपवर दहावी पास झाले. आता लॅपटॉप दुरुस्तीला मीच बसते. गिऱ्हाईक संशयाने हातांकडे बघायला लागलं, की लॅम्प त्याच्याकडे वळवते.