मेहुण्याच्या बामाची डबी

इस्त्रीवाल्याला सगळ्यात जास्त किळस यायची ती तेलकट डागाची. चहा सांडलेला असो, शाई लागलेली असो, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण उशीच्या अभ्र्यावर कुणाच्या डोक्याचा चिकट गोल उमटलेला दिसला, की इस्त्री टेकवण्याआधी तो मान वळवून श्वास रोखून धरायचा. इस्त्री लागली की डागातला वास उठतो आणि थेट घशात उतरतो. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, असं त्याने एकोणीस वर्षं काढली. हाताला चटक्यांची सवय झाली, नाकाला वासाची काही झाली नाही.

अशा माणसाच्या घरी त्याचा मेहुणा महिनाभर राहायला आला. बायकोचा हा थोरला भाऊ म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, एकटा जीव. त्याच्या खोलीचं छत नव्याने घालायला घेतलं होतं, तेव्हा तो आणखी जाणार तरी कुठे? इस्त्रीवाल्याची मुलगी त्याला मामा म्हणायची, म्हणून घरात सगळेच मामा म्हणत.

मामाचं नाक झोपायच्या वेळेला चोंदायचं, आणि त्यावर त्याच्याकडे एकच इलाज होता, बामाची डबी. तिचं झाकण केव्हाच हरवलं होतं. डबी खिडकीत उघडी पडलेली असायची. बामाच्या वरच्या थरात एक पांढरा केस रुतलेला, थोडी धूळ बसलेली आणि नखाने ओरबाडल्याच्या खुणा. जेवणं आटोपली की मामा पलंगाच्या कडेला बसून आधी भेगाळलेल्या टाचांत बाम भरायचा. मग तेच बोट पुन्हा डबीत आणि तिथून छातीवर. मग दोन्ही नाकपुड्यांत, पार पेरापर्यंत. शेवटी वाटाण्याएवढा गोळा जिभेवर ठेवून वर कोमट पाणी प्यायचा. आतून मोकळं होतं म्हणे. बोटाला राहिलेलं तो चादरीला पुसून टाकायचा.

पहिल्या दिवशी हे पाहून इस्त्रीवाला उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुढे ती डबी घरभर पसरली. दाराची कडी बुळबुळीत, कपाच्या कानाला तोच वास, टॉवेल चिकट. घास तोंडाशी नेला की आधी बाम यायचा, मग अन्न. मामाचा अभ्रा तो वेगळ्या बादलीत भिजवायचा आणि काठीने ढवळायचा, हात लावायचा नाही.

बायकोकडे त्याने एकदा विषय काढला. ती म्हणाली, म्हातारं माणूस, चार दिवसांचा पाहुणा, मनाला लावून घेईल. बायकोच्या माहेरच्या माणसाला काय सुनवायचं? स्वतःचा टॉवेल मात्र तो कपाटात कुलूप लावून ठेवू लागला.

दुसऱ्या आठवड्यात मुलगी तिच्या सात महिन्यांच्या लेकीला घेऊन राहायला आली. त्याच आठवड्यात मामाने वाफ घ्यायची म्हणून गॅसवर उकळत असलेल्या पाण्यात बोटभर बाम टाकला. पाणी फसफसून उडालं आणि त्याच्या गालावर अंगठ्याएवढा चटका बसला. बायको थंड पाणी घेऊन धावली. इस्त्रीवाला भिंतीवरचे तेलकट शिंतोडे फडक्याने पुसत राहिला. बरं झालं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ते मनात आलं याचीही त्याला शिसारी आली.

मग बाळाला सर्दी झाली. एका दुपारी मुलगी आंघोळीला गेली होती, बायको बाजारात. इस्त्रीवाला घडी केलेले कपडे ठेवायला वर आला, तर मामा बाळाला मांडीवर घेऊन बसलेला. बाळाच्या नाकाखाली चकचकीत पट्टा ओढलेला आणि दोन्ही इवल्याशा नाकपुड्या बामाने भरलेल्या. बोट तेच आणि डबीही तीच. बाळ तोंड वासून श्वास ओढत होतं, नाकातोंडातून शेंबूड आणि लाळ एक होऊन वाहत होती. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"झोप लागेल आता तिला," मामा म्हणाला.

इस्त्रीवाल्याने बाळ उचललं. ओल्या मऊ फडक्याने जेवढं बाहेर दिसत होतं तेवढं पुसलं, मुलीला हाक मारली, डबी खिशात टाकली आणि तिघं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाचं नाक साफ केलं, ऑक्सिजन लावला आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. गाडी येईपर्यंत त्यांनी डबीत डोकावून पाहिलं, डबी दूर ठेवली आणि हात धुतले. यात कापूर असतो, असं बाई मुलीला सांगत होत्या. दोन वर्षांखालच्या मुलाला हे कुठेच लावायचं नाही, छातीलासुद्धा नाही. श्वासाची वाट आधीच बारीक, ती याने आणखी सुजते आणि शेंबूड वाढतो. नाकात तर मोठ्यांनीही घालू नये. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

मग त्यांनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. "हे असं किती दिवस चाललंय घरात?"

"तीन आठवडे."

"आणि तुम्ही बघत होतात?"

तो भिंतीलगतच्या बाकावर बसला. तीन आठवडे त्याला टॉवेलाची काळजी होती, अभ्र्याची होती. घरात बाळ आलं तेव्हाही त्याने कुलूप लावलं ते स्वतःच्या टॉवेलाला. मामाची किळस त्याला रोज येत होती. त्या बाकावर बसल्या बसल्या त्याला स्वतःची आली.

बाळाला एक दिवस हॉस्पिटलात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दूध प्यायला लागल्यावर घरी सोडलं.

मामा जिन्यात बसून होता. हात घासून घासून लाल केलेले. आम्ही असेच वाढलो, आम्हाला काय झालं, हे त्याने एकदा म्हणून पाहिलं, पण आवाजात जोर नव्हता. भाचीने त्याच्याकडे न पाहता बाळ आत नेलं. ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

इस्त्रीवाला त्याच्याशेजारी पायरीवर बसला. "मामा, मला तुमच्या त्या डबीची पहिल्या दिवसापासून घाण वाटत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, ती चूक माझी. आता बोलतो. ती डबी मी फेकून दिलीय."

मामाने गालावरच्या चटक्याभोवती बोट फिरवलं. मग म्हणाला, "टाचांचं तेवढं चालतं का, ते विचारलंस?"

त्याला घेऊन इस्त्रीवाला दुसऱ्या सकाळी त्याच दवाखान्यात गेला. भेगा उघड्या असतील तर टाचांनाही लावायचा नाही, असं कळलं. मामाच्या नाकाची आतली कातडी सोलवटली होती. बामाने फक्त गारवा जाणवतो, चोंदलेलं नाक चोंदलेलंच राहतं, आणि इतके दिवस सर्दी हटत नाही तर कारण शोधायला हवं, असं बाईंनी बजावलं. तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. बाम लावायचाच तर छाती, गळा आणि पाठ, एवढंच. वरून सैल कपडा, मग साबणाने हात. नव्या डबीला झाकण होतं, आणि ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेली.

आता अडचण पाठीची आली. मामाचा हात तिथवर पोचेना. बायकोचं मनगट दुखत होतं आणि भाची तर अजून अबोल होती. संध्याकाळी मामा सदरा काढून, पाठ करून, काही न मागता बसून राहिला. पाठीवर करडे केस, घामोळं आणि मधोमध एक लोंबता मस.

इस्त्रीवाल्याने बाह्या सारल्या. बोटांनी थोडा बाम घेतला, डोळे दुसरीकडे फिरवले आणि चोळायला लागला. ती कोमट, बुळबुळीत कातडी तळव्याखाली सरकत होती.

"जरा डावीकडे," मामा म्हणाला.

त्याने डावीकडे चोळलं. मग मोरीत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, वास घेतला आणि तिसऱ्यांदा धुतले.