मांडी घालून बसता येईल अशी मोटार

जिजी मागच्या सीटवरून घसरून थेट पायापाशी जाऊन बसल्या. गाडी काही भरधाव नव्हती. लोणखेड्याच्या वेशीत एक म्हैस आडवी आली आणि मी ब्रेकवर पाय ठेवला, एवढंच. मागून "ओ माय वं!" ऐकू आलं. वळून बघतो तर सीट रिकामी.

त्यांचा मुलगा, जगनभाऊ पाटील, माझ्या शेजारी बसले होते. ते उडी मारून मागे धावले. जिजी हसत होत्या. पण एक हात खुब्यावर घट्ट दाबलेला, आणि डोळ्यांत पाणी.

"मिस्तरी, मोटार चांगली शे," त्या मला म्हणाल्या. "पन हाई माले बठू देत नही. खाले लोटस."

मी शहाद्याला मोटार मिस्तरी होतो. दुसरी लढाई अजून पेटायची होती. गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्विस मोटारी दुरुस्त करणं हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम. मधूनमधून कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो मला बघायला नेई. घेणारा रंग बघायचा, मी रंगाखालचं बघायचो.

जगनभाऊंना गाडी हवी होती ती आईसाठी. जिजी गोठ्यात पडल्या होत्या आणि खुबा मोडला होता. हाडवैद्यानं तो बसवला, पण बैलगाडीचा एक हादरा बसला की त्या कळवळायच्या. त्यात जुना दमा. आमच्या रस्त्यांची धूळ तुम्हाला ठाऊकच असेल. माणूस शहाद्याहून निघताना काळा असला तर तळोद्याला भुरा होऊन उतरतो. आणि तळोद्याच्या पुढच्या एका गावात जिजींची थोरली बहीण, ताई, अंथरुणाला खिळली होती. तिचा निरोप आला होता, "माले आते येता येत नही. तू ये." दोघींची भेट होऊन दोन पावसाळे झाले होते.

म्हणून सेडान. त्या वेळी बहुतेक मोटारी उघड्या, वर कापडी टप. सेडान म्हणजे डोक्यावर पक्कं छप्पर आणि चारी बाजूंनी काचा. आम्ही तिला बंद गाडी म्हणायचो. शहाद्यात अशा दोनच विकाऊ होत्या. एक कापसाच्या जिनवाल्या शेठची, नव्या धर्तीची, बुटकी, चकचकीत. दुसरी डॉक्टरांची, जुनी आणि उंच, बघितली की धान्याची कोठी आठवावी.

शेठची गाडी मी वरून-खालून तपासून बघितली. सकाळी सकाळी गेलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. विकणारे हुशार असतात, गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे ते चटकन सुरू होतं. बॉनेट थंड होतं. हँडल मारलं, पहिल्याच फेऱ्याला सुरू. तेल बोटांत चोळलं, कचकच नाही. चाकं उचलून हलवली, खेळ नाही. गोमाई नदीच्या चढावर नेली, कुरकुरली नाही. मी जगनभाऊंना म्हटलं, "इंजिनमा नाव ठेवाले जागा नही." त्यांनी तिथल्या तिथे शेठना शब्द देऊन टाकला.

आणि आता त्याच गाडीत जिजी खाली बसल्या होत्या.

"जिजी, पाय खाले सोडा ना," मी म्हटलं. "सायब लोक बठतस तसं."

"पाय खाले सोडात का सुजी जातस," त्या म्हणाल्या. "आनि जलमभर मांडी घालीसनच बठेल शे मी. आते सायब कशी व्हसू?"

मी मागे जाऊन सीट बघितली. गुळगुळीत कातडं, पुढे उतार, आणि खोली इतकी कमी की मांडी घातली की दोन्ही गुडघे बाहेर. खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ती उत्तम होती. आमच्याकडच्या म्हातारीनं तिच्यावर बसायचं म्हणजे घसरगुंडीच.

जगनभाऊ आईचे पाय चेपत बसले होते. मग म्हणाले, "मिस्तरी, डाक्टरनी गाडी दखाडा."

"शेठले शब्द देल शे ना तुम्हीन?"

"शेठना पाय धरसू. मायना पाय दुखाले नको."

डॉक्टरांच्या गाडीला रुंद पायरी होती, दार उंच होतं, त्यामुळे जिजींना वाकावं लागलं नाही. मागची सीट बाजेएवढी ऐसपैस. मधे ती खचलेली होती, आणि तोच तिचा गुण ठरला. जिजींनी मांडी घातली, लुगडं सारखं केलं आणि त्या खळग्यात अशा बसल्या की मी मुद्दाम दोनदा ब्रेक मारला तरी हलल्या नाहीत. "आते चाल कितली बी," म्हणाल्या.

चालणंच तर अवघड होतं. गाडी चुलीसारखा धूर सोडत होती. पिस्टनवर लोखंडी कड्या असतात, त्यांना रिंगा म्हणतात. त्या झिजल्या की तेल वर चढून जळतं. हिच्या पार गेल्या होत्या. व्हॉल्व्हही नीट बसत नव्हते.

"हाऊ खटारा?" जगनभाऊंचा चेहरा पडला. "लोके हासतीन."

"भाऊ, इंजिन मी उघडीसन नवं करी दिसू," मी म्हटलं. "जिजीना खुबा माले उघडता येत नही."

त्यावर ते हसले आणि सौदा झाला.

रिंगा धुळ्याहून यायच्या होत्या. इंजिन उघडून मी वाट बघत बसलो, आणि नेमका ताईंच्या गावाहून गडी निरोप घेऊन आला. ताईंचं खाणंपिणं सुटलं होतं. जगनभाऊ तो निरोप आईला न सांगता तडक माझ्या शेडमध्ये आले. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, कारण दर घटकेला ते "व्हयनं का?" विचारायचे. शेवटी मी त्यांच्या हातात एक व्हॉल्व्ह आणि घासायची पेस्ट दिली. पांढरंशुभ्र धोतर नेसलेला तो जमीनदार माणूस खाली बसला आणि व्हॉल्व्ह घासत राहिला. चांगला घासला. माझ्याकडे कामाला राहिले असते तर मी ठेवून घेतलं असतं.

रिंगा आल्या. गाडी जोडली. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. काचा बंद, मागे जिजी मांडी घालून, मांडीवर ताईंसाठी केलेले लाडू. वाटेत एका नाल्याच्या चढावर पाणी उकळलं, तेव्हा थांबून रेडिएटर भरला. मला गाडीपेक्षा पुढच्या गावाची धास्ती जास्त होती.

ताई होत्या. शुद्धीवर होत्या. पण त्यांच्या घराला चांगल्या उंच दगडी पायऱ्या, आणि गाडीची एक पायरी कशीबशी चढणाऱ्या जिजींना तेवढ्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. उचलू म्हटलं तर खुब्याला हात लावू देईनात. गाडीतूनच रडायला लागल्या. "आठे लगून उनू नि तोंड दखाले भेटाव नही का?"

आतून ताईंचा बारीक आवाज आला, "तिले चढता येत नही ना? मंग माले उतारा."

त्यांच्या मुलांनी त्यांना गोधडीसकट उचललं आणि डॉक्टरांच्या त्या खटाऱ्यात आणून ठेवलं. जिजींनी कडेला सरकून जागा केली. दोघी एकमेकींकडे तोंड करून बसल्या, जिजी मांडी घालून, ताई उशांना टेकून, गुडघ्याला गुडघा लावून. मग जिजींनी मला काच वर घ्यायला लावली आणि दार लावून घेतलं.

आम्ही ओट्यावर बसलो. चहा झाला, जेवणं झाली. मधे जगनभाऊ विचारायला गेले तर जिजींनी काचेतूनच हातानं परतवलं. ताईंनी अर्धा लाडू खाल्लेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. मुलं कुजबुजली, पण जवळ कुणी गेलं नाही. ऊन उतरेपर्यंत ती गाडी अंगणात उभी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई गेल्या. निरोप आला तेव्हा जिजी माझ्या शेडवर गाडीतून आल्या. मला म्हणाल्या, "मिस्तरी, बोलनं सम्दं व्हयी गयं व्हतं आमनं." एवढंच सांगायला आल्या होत्या. मी उगाच चाकाची हवा बघितली.

पुढे कुणी म्हाताऱ्या माणसासाठी गाडी बघायला बोलावलं की मी बॉनेट नंतर उघडायचो. आधी मागचं दार उघडून, चपला काढून, आत मांडी घालून बसायचो आणि मालकाला ब्रेक मारायला सांगायचो. विकणारे हसायचे. हसू देत. घसरलो की मी सरळ दुसरी गाडी बघायला जायचो.