सुपातला काया दाना

कामरगावचा देवमन तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवे. रविवारी मात्र सायकलच्या कॅरिअरले भिंगं, चुंबकं बांधून गावोगाव हिंडे, लोकायले विज्ञान सांगे. कोनी येडा म्हनत त्याले. म्हननारेच येडे होते.

एकोनऐंशीच्या जुलैत रेडिओनं सांगतलं, अमेरिकेची स्कायलॅब नावाची मोठ्ठी प्रयोगशाया आभायातून खाली येऊन राह्यली, कुठं पडन ते पक्कं नाई. झालं! गाव म्हने, मराचंच हाय त खाऊन घ्या. बकऱ्या कटू लागल्या. देवमनची माय केशरबाईनंबी घरची बकरी चंद्री कापाले जब्बार खाटकाले बलावलं.

"माय, चंद्री गाभन हाय ना वं!"

"मंग सांग बाबू, पडन का नाई? एक काय ते सांग."

दुसरा असता त 'नाई' म्हनून मोकया झाला असता. देवमनले खोटं जमेच नाई.

"इथं पडाचं लय कठीन हाय."

"कठीन म्हंजे किती?"

देवमननं सूपभर जवारी घेतली, एका दान्याले काजय फासून त्यात मिसयला. ओट्यावर लोकं जमले.

"सूप म्हंजे धरती. काया दाना म्हंजे आपलं गाव. डोये मिटून एक दाना उचला. काया आला त भ्या."

जब्बारनं उचलला, पांढरा. शेजारच्या लिलाबाईनं उचलला, पांढरा. मायनं सूप पुढ्यात ओढलं, हात फिरवला अन् काया दाना काढून अंगनात फेकला!

लिलाबाई रडाले लागली. जब्बार चंद्रीचं दावं सोडाले उठला.

"माय, डोये मिटले होते तुवं?"

"कायचे मिटते? सुपात किडका दाना दिसला त ठेवू का तसाच? जल्मभर तेच करून राह्यली मी!"

जब्बार पोट धरून खाली बसला. "या अल्ला, मावशी! तुमी त गावच फेकून देल्लं!"

देवमननं दुसरा दाना काजयला, मायचे डोये तिच्याच पदरानं बांधले. वीसदा उचलला, वीसदा पांढरा.

"जा रे जब्बार घरी," माय म्हने, "सुरी घेऊन जा तुयी."

चंद्री वाचली, पन देवमनच्या घशाखाली घास उतरेना. पडलंच इथं, त माय काय म्हनन? तिसऱ्या दिवशी सकायी रेडिओ बोलला: तुकडे समुद्रात अन् ऑस्ट्रेलियाच्या उजाड मुलखात पडले, कोनाले लागलं नाई. देवमन ओट्यावर मटकन बसला.

मायनं ताट पुढं सरकवलं. "जेव आता. दोन दिवस भेऊन राह्यला होता तू."

"तुले कसं समजलं?"

"सुपातला किडका दाना दिसते मले, पोटचं पोरगं नाई दिसन?"

देवमननं तीन भाकरी खाल्ल्या.