तीर महिन्यातलं एक वर्ष

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. घरी किराण्याची यादी, लग्नाला कोणाला बोलवायचं याची यादी, गावाला निघताना कुठल्या पिशवीत काय आहे याची यादी. नोकरीतही तेच. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत मी आस्थापना शाखेत कारकून होते. कुठली नगरपालिका ते लिहीत नाही. नेमणुका, रजा, बढत्या, निवृत्त्या, सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या ताब्यात. रोज शहरातल्या छावणी भागातून निघून सकाळची एसटी पकडायची आणि साडेदहाच्या आत कपाट उघडायचं.

मी रुजू झाले तेव्हा त्या कपाटात नुसता ढीग होता. वर्षभरात मी तो लावला. प्रत्येक सेवापुस्तकाला पुठ्ठा, दोरा, क्रमांक. मग पुढच्या दहा वर्षांत कोण कधी निवृत्त होणार याची यादी करायला घेतली आणि अकरा जणांपाशी अडले. त्यांच्या जन्मतारखा फसली सनात होत्या. निजामाच्या राज्यात कचेऱ्या आणि शाळा याच सनावर चालायच्या. ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, महिन्यांची नावंही निराळी. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, पण या अकरा जणांचे शाळेचे दाखले त्याच्या आधीचे. ते कोणीतरी जसेच्या तसे उतरवून घेतले होते आणि इंग्रजी तारखेची जागा कोरी सोडली होती.

आमचे हेडक्लार्क उर्दूत शिकलेले. त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. मी त्यांना गाठून विचारलं. मस्टरवर सह्या करता करता ते म्हणाले, "आसान है बेटा. फसलीत पाचशे नव्वद मिळवा, इसवी सन निघतो."

मी लगेच पुठ्ठ्याचं एक कार्ड कापलं. वर मथळा, खाली '+ ५९०', त्याच्या खाली पट्टी धरून लाल शाईची रेघ. ते कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. आठवड्यात यादी पूर्ण झाली. मुख्याधिकाऱ्यांनी ती सभेत सगळ्यांना दाखवली.

यादीत पहिलं नाव गावाला पाणी सोडणाऱ्याचं होतं. धनगराचा माणूस. लहानपणी मेंढरामागं जाता जाता दोन वर्षं शाळेत गेलेला. पहाटे खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडत फिरायचा. निवृत्तीचा आदेश हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"बाई, लई लवकर काढलं मला."

"तुमच्या सेवापुस्तकाप्रमाणे काढलंय."

"माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा आठ दिसांनी मोठा हाय. एकाच दिशी शाळेत घातलं आम्हाला. त्यो दुसऱ्या खात्यात चौकीदार हाय. त्याला अजून वरीस हाय म्हनतो."

"त्यांच्या कागदाचं मला माहीत नाही. तुमच्या कागदात तीर महिना आहे, सन आहे, मी हिशोब केलाय."

निवृत्त होणारा प्रत्येक माणूस असंच काहीतरी सांगतो. मी तोवर बऱ्याच जणांचं ऐकलं होतं. त्यानं पुढं वाद घातला नाही. निरोपाच्या चहाला शिपाई त्याला म्हणाला, "आता काय, म्हातारीच्या हाताखाली ड्युटी." तो म्हणाला, "तिथं तर किरकोळ रजा बी नाय." सगळे हसले. मी त्याच्याकडून लोखंडी चावी एक, बॅटरी एक, रेनकोट एक असं सामान ताब्यात घेतलं आणि यादीवर खुणा केल्या.

हे मे महिन्यात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो छातीत कळ येऊन गेला.

पंधरा दिवसांनी त्याची मुलगी आली. दहावी झालेली, लग्न व्हायचं होतं, घरात आई आणि ती दोघीच. अनुकंपावर नोकरीचा अर्ज तिनं स्वतःच लिहून आणला होता. मी सांगितलं, "नोकरीत असताना माणूस गेला तरच घरातल्या एकाला घेता येतं. तुझे वडील निवृत्त झाले होते."

तिनं पिशवीतून दोन कागद काढून माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकाच उर्दू शाळेचे दाखले, एक वडिलांचा, एक त्या चुलत्याचा. दोन्हीत तीर महिना आणि सन तोच. तिसरा कागद चुलत्याच्या खात्याचा. त्यावर त्याची निवृत्ती पुढच्या मे महिन्यात होती.

"एक खातं चुकलंय बाई," ती म्हणाली. "कोन्तं, ते तुम्ही बघा."

त्या संध्याकाळी मी शहरात जुन्या हेडक्लार्कच्या घरी गेले. त्यांनी दोन्ही दाखले डोळ्यांजवळ धरून वाचले. "मैंने बोला था ना बेटा. आझर, दय, बहमन, पाचशे नव्वद. इस्फंदार लागला की एक और. अंग्रेजी नया साल शुरू हो जाता, जानेवारी येते."

त्यांनी सांगितलं होतं. हे वाक्य ऐकताच मला तो क्षण आठवला. ते बोलत होते आणि मी पट्टी धरून लाल रेघ मारत होते.

तीर म्हणजे मे. पाचशे एक्याण्णव मिळवायला हवे होते, मी एकानं कमी धरले. मी त्या माणसाला एक वर्ष आधी घरी पाठवलं होतं. खऱ्या हिशोबानं तो नोकरीत असतानाच वारला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाकीचे दहा जण तपासले. आणखी सहा चुकले होते, सगळे अजून नोकरीत. चूक माझी आहे असं लिहून मी टिप्पणी सादर केली. मुख्याधिकाऱ्यांनी दार लावायला सांगितलं.

"सहा जणांचं दुरुस्त करा. लेखनप्रमाद म्हणून मी सही करतो," ते म्हणाले. "सातव्याची पेन्शन मंजूर झाली, जागा भरली. ते उघडलं तर चौकशी लागेल. आदेशावर सही माझी, हिशोब तुमचा. आणि चौकशी चालू असताना या सहांच्या कागदाला कोण हात लावणार? त्यांचंही वर्ष जाईल."

"त्या मुलीचं काय साहेब?"

"तिला मिळेलच कशावरून? चार वर्षं चालेल ते." त्यांनी टिप्पणी माझ्याकडे सरकवली. "परत घ्या. मी पाहिली नाही."

सहा जणांची वर्षं वाचली, असं मी नंतर अनेकदा स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण त्या वेळी घरात पगार माझा एकटीचा येत होता, आणि टिप्पणी उचलताना मनात तेच होतं. मी ती परत घेतली.

मुलीला द्यायच्या उत्तराचा मसुदाही मीच केला. टंकलेखन यंत्र बिघडलेलं होतं म्हणून पत्र हातानं लिहिलं: आपले वडील सेवानिवृत्तीनंतर मयत झाल्याने आपला अर्ज नियमात बसत नाही.

ती आली. उभ्यानंच पूर्ण वाचलं, परत एकदा वाचलं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"साहेबांची सही आहे खाली."

"सही नाय म्हनत मी. अक्षर. बाच्या रिटायरच्या कागदावर बी हेच हाय." तिनं पत्राची घडी घातली. "कोन्तं खातं चुकलं व्हतं बाई?"

मी पोच घेण्यासाठी कार्यालयीन प्रत तिच्यापुढे केली आणि बोटानं जागा दाखवली. "इथं सही कर."

तिनं बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. ती पायऱ्या उतरून गेली. मी प्रत फाईलला लावली, पान क्रमांक टाकला आणि आवक-जावक नोंदवहीत प्रकरण निकाली काढलं.