आर्डिसबाई कोणाच्याच नव्हत्या

तटस्थ माणसाला कणा नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आर्डिस टोलफसन या बाईंशी एकदा भांडून बघायला हवं होतं. मी भांडलोय. एकदाही जिंकलो नाही.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या राजधानीत, हेलेनात, विधानभवनाखालच्या उतारावर, पूर्वी एका दंतवैद्याचा दवाखाना होता त्या जागेत आमची संस्था होती. आम्ही मोजकी माणसं, जुने रेडिएटर आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी न जाणारा लवंगेच्या तेलाचा वास. मोंटानाचे आमदार कर, शाळा, दवाखाने असल्या गोष्टींचे कायदे करायला बसले की त्याआधी आम्ही आकडेमोड करून सांगायचो, अमुक केलं तर काय होईल आणि तमुक केलं तर काय होईल. काय करा, हे सांगायचं नाही. ते सांगितलं की तुम्ही कोणाचे तरी झालात, असं बाईंचं म्हणणं.

आणि बाई त्या बाबतीत कर्मठ होत्या. अधिवेशन चालू असताना अंगावर लाल नाही आणि निळंही नाही, कारण ते दोन पक्षांचे रंग. म्हणून जानेवारी ते एप्रिल तो एकच मोहरीच्या रंगाचा स्वेटर. लॉबीवाल्यांच्या नाश्त्याला जायचं नाही. सभागृहात कोणी कितीही छान बोललं तरी टाळी वाजवायची नाही. त्यांचा धाकटा भाऊ डेल्मर एकदा शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. हेलेनाला येणाऱ्या गावकऱ्यांना दिसावी म्हणून बहिणीच्या अंगणात रोवायला प्रचाराची पाटी घेऊन तो मुद्दाम गावाहून, सॉरेल क्रीकहून, गाडी हाकत आला. बाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि पाटी परत गाडीत ठेवली.

"अगं आर्डी, शाळा मंडळ आहे! मी काय वॉशिंग्टनला निघालोय का?" डेल्मर म्हणाला.

"अ‍ॅपल पाय आणखी घे," बाई म्हणाल्या.

डेल्मर पडला. ती गोष्ट तो अजून सगळ्यांना सांगतो.

सॉरेल क्रीक हे त्या दोघांचं गाव, आणि त्या गावात पोट भरायचं एकच ठिकाण, तिथली लाकूड कापायची सॉ मिल. डेल्मर तिथे करवतींना धार लावायचा. मिलच्या मालकांनी जाहीर केलं की करात सवलत मिळाली तर आम्ही थांबू, नाहीतर टाळं लावू. लगेच त्या खोऱ्याचे सिनेटर, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहातले आमदार, हॅलॉक यांनी सवलतीचं विधेयक आणलं. करविषयक समितीचे अध्यक्षही तेच. आणि या विधेयकाचा अभ्यास करायचं काम आमच्याकडे आलं.

सबंध हिवाळा बाई त्यात बुडाल्या होत्या. जे निघालं ते कोणालाच आवडण्यासारखं नव्हतं. जिथे जिथे अशी सवलत दिली गेली, तिथल्या मिली तरीही बंद पडल्या होत्या, कारण जंगलातून येणारे ओंडकेच कमी झाले होते. म्हणजे हॅलॉकचा डाव फसला. पण विरोधी पक्ष जे ओरडत होता, की मालक चोर आहेत, खोटा तोटा दाखवतात, तेही खरं निघालं नाही. तोटा खराखुरा होता. लोक गाव न सोडता सावरले ते फक्त अशा ठिकाणी, जिथे मिल चालू असतानाच कामगारांना पगारी दुसरं काम शिकवलं गेलं. ते तर दोन्हीपैकी एकाही पक्षाच्या डोक्यात नव्हतं.

अहवाल पुरा होत आला होता तेव्हा डेल्मरचा फोन आला. आमच्यातलं पार्टिशन असं की पलीकडे घोट घेतला तरी ऐकू यायचा, त्यात डेल्मरचा आवाज मिलमध्ये कमावलेला.

"हॅव्हरला रेल्वेच्या कारखान्यात जागा निघाल्यात. मला बोलावलंय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. इथे सगळे म्हणतायत, विधेयक येतंय, मिल वाचतेय, कुठे जातोस? तू आकडे बघितलेस ना? एवढंच सांग, थांबू की जाऊ?"

"अहवाल बाहेर आला की सगळ्यांबरोबर वाच."

"म्हणजे सख्खा भाऊ आणि तो हॅलॉक एकाच रांगेत?"

"हो."

"आईनं हे ऐकलं असतं तर तुला घराबाहेर काढलं असतं."

फोन आपटल्याचाही आवाज मला ऐकू आला. मी उठून पलीकडे गेलो. माझं डोकं फिरलं होतं, आणि ते मी लपवलं नाही.

"बाई, सांगू नका, पण नुसत्या खोकल्या तरी असतात! त्याला कळलं असतं."

बाई चष्मा पुसत होत्या. "आज डेल्मरसाठी खोकले, तर उद्या हॅलॉकसाठी शिंकावं लागेल. जा, काम कर."

दुसऱ्याच दिवशी भर बर्फात स्वतः हॅलॉक आले. हातात कॅरमल रोलचा खोका. बाई आणि ते एकाच शाळेतले, त्यामुळे अरे-तुरेच चालायचं.

"अहवाल झाला म्हणे," हॅलॉक म्हणाले. "छान. फक्त मतदान होईपर्यंत ठेव तुझ्याकडे. घाई काय आहे?"

"अरे, मतदानानंतर तो वाचून काय करणार? लोणचं घालणार?"

"आर्डिस, तू आपल्या खोऱ्यातली पोर आहेस. त्या मिलच्या भोंग्यावर आपण शाळेत जायचो. लोकांना थोडी आशा राहू दे."

"आशा त्यांची आहे. तिचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे की. तू का लपवतोस?"

हॅलॉकनी इकडेतिकडे बघितलं. "तुमच्या संस्थेचा राज्याशी करार आहे ना, तो यंदा परत माझ्याच समितीपुढे येतोय. नाही, सहज आठवलं. पुढच्या वर्षी इथे दंतवैद्य परत आला तर मला वाईट वाटेल."

"त्याला सांग, रेडिएटर गळतात," बाई म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. खोका त्यांनी हॅलॉकच्या हातात परत दिला. मला रोल फार आवडतात, पण त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्या खोक्याकडे वळूनही बघितलं नाही.

दार लागल्याबरोबर बाई म्हणाल्या, "आजच." आमच्याकडे रीत अशी की अहवाल निघायचा तो सगळ्यांसाठी एकाच वेळी. विधानभवनात प्रत्येक आमदाराचा टपालाचा खण असतो. आम्ही सगळे गठ्ठे घेऊन बर्फातून चढलो, एका पक्षाच्या भिंतीपाशी दोघं, दुसऱ्या भिंतीपाशी दोघं, आणि बाईंनी मान हलवल्यावर एकदम टाकायला सुरुवात केली. कोणी म्हणेल, काय हा पोरखेळ! असू दे. ह्या पोरखेळामुळेच दोन्हीकडचे लोक आमचा कागद उघडून तरी बघायचे.

संध्याकाळी हॅलॉकनी वार्ताहरांना सांगितलं, हेलेनाच्या बायका उबदार खोलीत बसून आमच्या मिलला मूठमाती देतायत. ते अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाच्या सिनेटर प्रुइट बाई आमच्या जिन्यावरून हसत हसत वर आल्या. हातात पत्रक, त्यावर आमच्या अहवालातलं एकच वाक्य, 'सवलतीने मिल वाचत नाही', आणि शेजारी त्यांच्या पक्षाचं चिन्ह.

"आर्डिस, तू आम्हाला तोफगोळाच दिलास!"

"दोनशे पानांतलं एक वाक्य उचललंत. मालकांचा तोटा खरा आहे, हे कुठे गेलं?"

"त्याची सध्या गरज नाही."

"मग मी सगळ्या आमदारांना चिठ्ठी पाठवते, की अर्धं उचललेलं आमचं नाही."

प्रुइट बाईंचं हसू उतरलं. "बाई गं, तू आहेस तरी कोणाच्या बाजूची?"

"चिठ्ठी दुपारी येईल," आर्डिसबाई म्हणाल्या. आणि ती गेली. झालं! दोन दिवसांत दोन्ही पक्ष आमच्यावर दात धरून बसले. तिकडे ते पत्रक सॉरेल क्रीकमध्ये पोचलं, तेव्हा मिलमध्ये एकमतानं ठरलं की टोलफसनांची पोरगी त्या लोकांना जाऊन मिळाली. अहवाल कोणी उघडलासुद्धा नाही. डेल्मरनंही नाही.

शुक्रवारी सकाळी सुनावणी. मिलचे लोक बस करून आले होते, टोप्या घालून, डेल्मर मधल्या रांगेत. आमच्याकडे सुनावणीत आधी विधेयकाच्या बाजूचे बोलतात, मग विरुद्ध बाजूचे. दोन्हीपैकी कुठलेच नसलेले आमच्यासारखे माहिती देणारे साक्षीदार शेवटी. त्यांनी नाव सांगायचं आणि गप्प राहायचं. समितीतल्या कोणी प्रश्न विचारला तरच तोंड उघडायचं. कोणी नाही विचारलं तर खाली बसायचं.

बाई उठल्या. "आर्डिस टोलफसन. प्रश्न असल्यास उत्तर द्यायला हजर आहे."

"समितीचे काही प्रश्न?" अध्यक्ष हॅलॉकनी विचारलं.

एका बाजूनं हॅलॉकची माणसं छताकडे बघत होती. दुसऱ्या बाजूनं प्रुइट बाई नखं बघत होत्या. पूर्ण उत्तर कोणालाच नको होतं. सबंध हिवाळ्याची मेहनत आणि समोर ज्यांचं पोट त्यावर अवलंबून ती माणसं, मध्ये फक्त एक न विचारलेला प्रश्न. मला ओरडावंसं वाटत होतं.

"प्रश्न नाहीत. आभारी आहे, बसा," हॅलॉक म्हणाले.

बाई बसल्या नाहीत.

"बसा, मिस टोलफसन."

"मी प्रश्नाची वाट बघतेय, अध्यक्ष महाराज."

"प्रश्न नाही म्हटलं ना!"

"नियमात बोलायला बंदी आहे. उभं राहायला नाही. मी आयुष्यभर हे नियम पाळलेत, मला पाठ आहेत."

रेडिओचा वार्ताहर कोपऱ्यात डुलक्या घेत होता तो ताठ झाला. हॅलॉकनी हातोडा आपटला. बाई तशाच, हात पाठीमागे, मोहरीचा स्वेटर, एकटक समितीकडे. पुढचं विधेयक पुकारलं तरी त्या हलल्या नाहीत, आणि त्यांना ओढून बसवायची कोणाची छाती झाली नाही.

मग मागून डेल्मरचा तो कमावलेला आवाज आला. "मला विचारायचंय तिला."

"प्रेक्षकांना प्रश्न विचारता येत नाही!"

"मग तुम्ही विचारा, हॅलॉक. आम्ही तुम्हाला इथे त्यासाठीच पाठवलंय ना? आमच्या वतीनं विचारायला? का त्यालाही बंदी आहे?"

बसमधून आलेले सगळे हॅलॉककडे बघायला लागले. हॅलॉकचे कान लाल झाले. त्या लोकांच्या मतांवरच ते निवडून येत होते. शेवटी घसा खाकरून त्यांनी विचारलं, "या सवलतीने सॉरेल क्रीकचं काय होईल?"

आणि बाई बोलल्या. सगळं. ओंडके का कमी झाले, सवलत दिलेल्या मिली कशा बंद पडल्या, मालकांचा तोटा कसा खरा आहे, कुठल्या गावातली माणसं कशी टिकली. आवाज चढला नाही, कोणाला चोर म्हटलं नाही, कोणाला देव केलं नाही. मिलचे लोक टोप्या काढून मांडीवर ठेवून ऐकत होते. घरातल्या आजाऱ्याविषयी डॉक्टर बोलताना ऐकावं, तसं ते ऐकणं होतं.

विधेयक त्याच दुपारी पास झालं, ते सांगूनच टाकतो. आमचा करारही गेला. आता आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरातून काम करतो. जाऊ द्या. ज्यांना वाटलं जागा काढून घेतली की बाई गप्प बसतील, त्यांनी आमचे या वर्षीचे अहवाल वाचावेत.

सुनावणी संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात डेल्मर बाईंसमोर येऊन उभा राहिला. मागे बसमधली माणसं घोळक्यानं, प्रत्येकजण फोन कानाला लावून. हॅव्हरच्या रेल्वे कारखान्याचा नंबर डेल्मरनंच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता.

"माझा राग आहेच तुझ्यावर," तो म्हणाला.

"असू दे."

"पण त्या दिवशी फोनवर सांगितलं असतंस, तर मी एकटाच गुपचूप निघून गेलो असतो. ह्यांना मागे सोडून. आणि मला त्याचं काहीही वाटलं नसतं." त्यानं टोपी हातात चुरगळली. "तेच मला आवडलं नाही."

बाईंचा चेहरा तेव्हा हलला. इतक्या वर्षांत मी तो हललेला पाहिला नव्हता.

"तुला सांगायचं फार मनात होतं रे, डेल्मर," त्या म्हणाल्या. "त्या रात्री मी तुझा नंबर फिरवलाही होता, आणि घंटा वाजायच्या आत फोन ठेवून दिला."